कॅम्पसवरील पहिल्या नोकरीआधी

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकायला आलेली आपली मुले नोकरी मिळताच आधी ताशी दर विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न तासांचा असावा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा असते आणि ती कॅम्पसवरील सर्व कामांची मिळून मोजली जाते. त्यामुळे ग्रंथालयात १२ आणि प्रयोगशाळेत १० तास भरले, तर दोन्हीकडचे साहेब खूश असले तरी तुमचा व्हिसा अडचणीत येतो.

आय-९ फॉर्मसाठी (ओळख आणि काम करण्याची परवानगी तपासण्यासाठी नोकरी देणारा भरून घेतो तो) पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे प्रमाणपत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) रुजू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दाखवावे लागतात. पासपोर्ट मूळच न्यावा. छायाप्रत चालत नाही.

पहिली पगारचिठ्ठी मात्र ओळ न ओळ वाचावी. करासाठी अनिवासी ठरणाऱ्या एफ-१ विद्यार्थ्याच्या अशा पगारातून सोशल सिक्युरिटीचे (सरकारी निवृत्तिवेतन योजना) ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) १.४५ टक्के कापले जाऊ नयेत. ही सूट साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे मिळते, आणि डिसेंबरअखेर उतरलात तरी ते एक वर्ष धरले जाते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. माझ्या चिठ्ठीत ‘फायका’ या नावाखाली ही कपात तीन वेळा झाली होती; वेतन विभागात चिठ्ठ्या दाखवल्यावर पैसे परत मिळाले. अनिवासींचे प्राप्तिकर विवरणपत्र १०४०-एनआर भरताना भारत-अमेरिका कर-करारातील कलम २१ खालील प्रमाणित वजावट (उत्पन्नातून वजा होणारी ठरावीक रक्कम) जरूर घ्यावी. बहुतेक इतर देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही.