वाचकांचे प्रश्न: स्ट्रक्चर घेऊ की कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट?

प्रश्न: ताई, मी २५ वर्षांची आहे. नागपूर विद्यापीठातून सिव्हिलमध्ये बी.ई. केलं आणि दोन वर्षांपासून बेसा भागातल्या एका बारा मजली स्कीमवर साइट इंजिनिअर आहे. सळाख तपासणं, स्लॅब टाकून घेणं, ठेकेदाराची आरए बिलं (काम होईल तसतशी निघणारी) मोजणं, सगळं करते. आता एम.टेक. करायचं आहे आणि मन कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटकडे ओढतंय. पण कॉलेजातले सर म्हणतात, हुशार मुलं स्ट्रक्चर (इमारतीच्या डिझाइनचा विषय) घेतात, मॅनेजमेंट म्हणजे फाइली सांभाळणं. बाबांना वाटतं पीडब्ल्यूडीची परीक्षा द्यावी. खासगी संस्थेची फी ऐकून आईची झोप उडाली आहे. शिवाय एवढं शिकून पुन्हा साइटवरच जायचं का, हाही प्रश्न आहे. साइटवर मुलीला काय काय सोसावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको. काय करू?
(एक वाचक, मानेवाडा)

उत्तर: कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटच घे, आणि आणखी वर्ष न घालवता घे. दोन वर्षं साइट पाहिलेली, बिलं स्वतः मोजलेली मुलगी या वर्गात बसली की शिकवणाऱ्यालाही हुरूप येतो. मी नागपूरच्या साइटवर उभी राहिले, पुढे प्लॅनिंगमध्ये गेले आणि शेवटची बरीच वर्षं ठेक्यांचे क्लेम, म्हणजे भरपाईचे दावे, तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून हे सांगते आहे.

तुझ्या सरांचा मान राखूनही त्यांचं म्हणणं मला पटत नाही. स्ट्रक्चर हा मोठाच विषय आहे. ज्याला गणितात आणि बांधकामाच्या मानकांमध्ये (कोडमध्ये) रमायला आवडतं, त्याने तो जरूर घ्यावा. पण विदर्भात राहून कुणी बांधकामाच्या व्यवस्थापनाला फाइली म्हणावं, याचं वाईट वाटतं. वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण घे. १९८३ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी रुपये. पुढे सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला. धरणाची भिंत कशी उभी करायची, हे आपल्या इंजिनिअरांना माहीत नव्हतं म्हणून असं झालं का? भूसंपादन, पुनर्वसन, कालव्यांची कामं, निधी कधी आणि किती येणार, कोणतं काम कोणाच्या आधी व्हायला हवं, घोडं अडलं ते इथे. आणि वैनगंगेकाठचे शेतकरी पाण्याची वाट बघत म्हातारे झाले. असल्या उशिरावर बीमच्या डिझाइनमध्ये उत्तर नसतं.

आता वर्धा रोडकडे बघ. अजनी चौकाकडून विमानतळाच्या दिशेने जाताना एकाच खांबावर आधी उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. खाली शहरातला सगळ्यात गजबजलेला रस्ता वाहता ठेवून तो बांधला. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. चालू रेल्वेमार्गावर १,६५० टनांचा स्टील गर्डर चढवायचा म्हणजे रेल्वे जेवढा वेळ ब्लॉक देईल तेवढ्यातच काम आटोपायचं. कोणता भाग आधी जोडायचा, यंत्र कुठे उभं करायचं, कुणी कुणाची परवानगी आणायची, हे सगळं महिनोन् महिने आधी कागदावर बसवावं लागतं. तुला शिकायचंय ते हेच.

अभ्यासक्रमात प्लॅनिंग असतं, खर्च आणि वित्त असतं, यंत्रसामग्री, गुणवत्ता, सुरक्षितता, बीआयएम (इमारतीचं संगणकावरचं मॉडेल), आणि करारांचा कायदा असतो. प्रायमाव्हेरा किंवा एमएस प्रोजेक्ट ही वेळापत्रकाची सॉफ्टवेअर तू घरी बसूनही शिकशील. त्यासाठी दोन वर्षं देऊ नकोस. त्यामागचा विचार मात्र नीट शिकून घे. क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी बसवली. एकापुढे एक लागणाऱ्या कामांची सगळ्यात लांब साखळी शोधायची, कारण प्रकल्पाची मुदत तीच ठरवते. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. आता तुझी स्कीम डोळ्यांसमोर आण. नऊ दिवसांचा स्लॅब सात दिवसांत कसा बसेल यावर दर सोमवारी मीटिंग होत असेल. आणि लिफ्टची ऑर्डर? साहित्य यायला कित्येक महिने लागतात, तरी ती कुणी आणि कधी द्यायची हे ठरलेलं नसतं. मग स्लॅबवर धावपळ करून वाचवलेले दिवस लिफ्टची वाट बघण्यात जातात, आणि ग्राहकाला ताबा मिळतो तो उशिराच.

कराराच्या विषयाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण मुलं तो रटाळ समजून सोडून देतात आणि पुढे सगळ्यात जास्त किंमत त्याचीच मोजतात. सरकारी कामावर एक हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही, असतं. तू पाहिलं नसशील, खासगी स्कीमवर ते क्वचितच ठेवतात. त्यात रकाने असतात: अडथळा कशाचा, त्यामुळे कोणतं काम थांबलं, कधी सुरू झाला, कधी दूर झाला, दुसऱ्या अडथळ्याशी किती दिवस एकत्र आले, निव्वळ दिवस किती, आणि शेवटी सह्या. पूर्व विदर्भातल्या एका इमारतीच्या कामात ठेकेदाराला उशिराचा दंड लागला होता. जागा रिकामी करून मिळाली नव्हती, ड्रॉइंग उशिरा आली होती, हे साइटवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. पण रजिस्टर उघडलं तर सुरुवातीची चार पानं भरलेली आणि पुढे सगळं कोरं. जी नोंदच नाही, ती लवादापुढे मांडणार कशी? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं ५५ वं कलम वाच. समोरच्याने उशीर केला, आणि तू नुकसानभरपाई मागण्याची नोटीस न देता उशिराचं काम स्वीकारलंस, तर मागाहून त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. ७४ वं कलम सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिला असला, तरी त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई मिळते. कुणाचे लाखो रुपये बुडाले आणि का बुडाले, हे या दोन कलमांमधून कळतं.

आणि तो ‘एकत्र आलेले दिवस’ हा रकाना. होळीला बालाघाट आणि छत्तीसगडकडचं लेबर गावी गेलं, दहा दिवस सेंट्रिंग (स्लॅबचा साचा बांधणं) बंद. नेमकं त्याच दहा दिवसांत मालकाच्या आर्किटेक्टकडून सुधारित ड्रॉइंगही आलं नाही. उशीर कुणाचा? बहुतेक वेळा निकाल असा लागतो की ठेकेदाराला मुदतवाढ मिळते, दंड लागत नाही, पण बसून राहिलेल्या यंत्रांचं भाडं त्याचं त्यालाच सोसावं लागतं. धानाच्या रोवणीला हेच लेबर पुन्हा जाणार, हे आपल्याकडे मुकादमाला आधीपासून ठाऊक असतं. मग ते वेळापत्रकात का दिसत नाही? याचं उत्तर शोधणारे लोक या क्षेत्राला हवे आहेत.

कुठे शिकायचं? पहिला प्रयत्न गेटचा, म्हणजे एम.टेक. प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेचा, कर. परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याच्या काही महिने आधी भरायचे असतात आणि गुण तीन वर्षं चालतात. मुंबई, मद्रास, दिल्ली या आयआयटींत या विषयाचं चांगलं एम.टेक. आहे. आयआयटीच्या जागांसाठी सीओएपी आणि एनआयटींसाठी सीसीएमटी या पोर्टलवर नोंदणी करायची. राज्यात मुंबईचं व्हीजेटीआय आणि पुण्याचं सीओईपी आहे. गेटवर प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यात श्रीमंती होत नाही, पण घरावर कर्ज काढावं लागत नाही, हे आईला नक्की सांग.

खासगी वाटेने म्हणशील तर पुण्याजवळ बालेवाडीत निकमार आहे. १९८३ मध्ये बांधकाम उद्योगाच्या पुढाकाराने निघालेली ही संस्था या एका विषयावर उभी आहे, आणि तिथून निघालेली मुलं मोठ्या ठेकेदार कंपन्यांमध्ये जागोजागी भेटतात. फी मात्र भारी आहे. तिथे किंवा कुठल्याही खासगी ठिकाणी जाण्याआधी सगळ्यात मोठ्या पगाराचा आकडा विचारू नकोस. मागच्या दोन वर्षांच्या वर्गातल्या मधल्या मुलाला किती पगार मिळाला ते विचार आणि त्या मुलांशी फोनवर बोल. फीचा वर्षाचा हप्ता तुझ्या आजच्या वर्षाच्या पगाराहून मोठा होत असेल, तर माझं मत ‘नको’ असं आहे. गेट आणखी एकदा दे.

बी.ई.च्या शेवटच्या वर्षातली मुलंही हे वाचत असतील, म्हणून सांगते: एल अँड टी कंपनीची बिल्ड इंडिया शिष्यवृत्ती त्यांच्यासाठी आहे. कंपनी निवडक संस्थांमध्ये बांधकाम तंत्रज्ञान आणि व्यवस्थापनाचं एम.टेक. करवते, त्यानंतर ठरावीक वर्षं तिथे नोकरी करायची.

बाबांना सांग की पीडब्ल्यूडीचा रस्ता बंद होत नाही. गेटचा आणि त्या परीक्षेचा अभ्यास बराचसा सारखाच आहे, आणि करार व मोजमाप कळणारा अधिकारी त्या खात्यालाही हवाच असतो.

जाण्याआधी एक काम कर, ते प्रबंधाला उपयोगी पडेल. येत्या मे महिन्यात एका सेंट्रिंगच्या गँगचं काम रोज दोनदा मोज: सकाळी सात ते अकरा किती चौरस मीटर झालं आणि दुपारी दोन ते सहा किती. सोबत पारा लिही. आपल्याकडे ४५ अंशांत दुपारी सळाख हाताला लागत नाही, स्लॅब रात्री टाकावा लागतो. काँक्रीटचा भारतीय कोड आयएस ४५६ उष्ण कोरड्या हवेत किमान दहा दिवस क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) मागतो. तरी वेळापत्रकात मेचा दिवस आणि डिसेंबरचा दिवस सारखाच धरलेला असतो. एवढ्या नोंदी हातात घेऊन मार्गदर्शकाकडे गेलीस, तर विषय शोधत महिने घालवावे लागणार नाहीत. आणि तो अभ्यास नागपूरच्या माणसानेच करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

राहिला पुन्हा साइटवर जाण्याचा प्रश्न. हो, जायचं. पण यावेळी साइट कशी चालावी हे ठरवणाऱ्यांमध्ये तू असशील. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने शौचालयांची पुरेशी सोय करणं मालकावर बंधनकारक केलं होतं, आणि पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघरही. काम सुरू करण्याचा आराखडा करताना सिमेंटचं गोदाम, पाण्याची टाकी, सळाख कापायची जागा हे सगळं नकाशावर येतं. बायकांचं शौचालय मात्र शेवटी, जमलं तर. तो नकाशा तू काढशील तेव्हा ते पहिल्या दिवशी काढ आणि त्याची रक्कम अंदाजपत्रकात घाल. रेती-गिट्टी वाहणाऱ्या बाया दिवसभर पाणी न पिता काम करतात, हे तू पाहिलं असशीलच. त्यांचं ऐकणारी इंजिनिअर वरच्या खुर्चीत असणं फार गरजेचं आहे.

प्रश्न: माझा काटोलला छोटा ठेकेदारीचा व्यवसाय आहे, बहुतेक कामं पीडब्ल्यूडीची आणि जिल्हा परिषदेची. मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटसाठी इंग्लंडला जायचं आहे. वर्षभराचा कोर्स आहे, खर्च बराच आहे. परत आल्यावर त्याचा धंद्याला उपयोग होईल का?
(एक वडील, काटोल)

उत्तर: भाऊ, त्याला परत येऊन तुमचाच धंदा बघायचा असेल, तर यंदा पाठवू नका. तिकडचं शिक्षण चांगलं आहे, पण ते तिथल्या करारांवर आणि तिथल्या क्वांटिटी सर्व्हेच्या पद्धतीवर उभं आहे. तुमची बिलं निघतात ती मेजरमेंट बुकवर (एम.बी., म्हणजे मोजमापाची वही) आणि बी-१, बी-२ या सरकारी नमुन्यांच्या टेंडरवर. दोन हंगाम त्याला तुमच्यासोबत राहू द्या: एक टेंडर स्वतः भरू द्या, एका कामाची एम.बी. पहिल्या पानापासून अंतिम बिलापर्यंत सांभाळू द्या, पावसाळ्यात रेतीघाट बंद झाल्यावर साठा कसा पुरवायचा ते ठरवू द्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांत किंवा आखातात काम करायची इच्छा कायम राहिली, तर जरूर पाठवा. तेव्हा कोर्सला आरआयसीएस किंवा सीआयओबी या तिकडच्या व्यावसायिक संघटनांची मान्यता आहे का, हे संस्थेच्या नव्हे, तर त्या दोन संघटनांच्या यादीत तपासा. एजंटाला पैसे देण्याआधी.