रिपोर्ट नॉर्मल आला, मग एडीएचडी नाहीच का?

प्रश्न: डॉक्टर, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. अभ्यासाला बसला की एक ओळ लिहितो, पेन्सिलीला टोक काढतो, पाणी प्यायला उठतो, परत एक ओळ. शाळेतूनपण सारख्या तक्रारी. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे असं सांगितलं, पण दिरांच्या आग्रहाने मेंदूचा एमआरआय केला तर तो एकदम नॉर्मल! आता घरात सगळे म्हणतात याला काही झालेलं नाही, तूच लाड करून बिघडवलंस. मी काय समजू?

उत्तर: ताई, रिपोर्टपण खरा आणि निदानपण खरं. आधी हे मनातून काढून टाका की तुमच्या लाडांमुळे झालं, जुळ्या मुलांवरचे अभ्यास सांगतात की एडीएचडीमध्ये अनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के असतो.

आता एमआरआयचं. त्यात डॉक्टर गाठ, रक्तस्राव, जुनी इजा असलं काही आहे का ते बघतात, ते नाहीये, छानच झालं. एडीएचडीमधला फरक तसा एका फोटोत दिसत नाही, शेकडो मुलांचे स्कॅन एकत्र करून सरासरी काढली की मगच दिसतो. २०१७ मध्ये एडीएचडी असलेल्या १७१३ आणि नसलेल्या १५२९ जणांचे स्कॅन तपासले, तेव्हा अमिग्डाला, कॉडेट असे मेंदूच्या आतले काही भाग सरासरीने किंचित लहान निघाले, पण इतके किंचित की एकच स्कॅन हातात देऊन हा कुठल्या गटातला असं विचारलं तर कोणालाच सांगता येणार नाही. २०११ मध्ये तर संशोधकांची स्पर्धाच झाली होती, स्कॅनवरून एडीएचडी ओळखा म्हणून, आणि ज्या टीमने स्कॅन न वापरता फक्त वय, मुलगा की मुलगी, डावखुरा की उजवा, बुद्ध्यांक एवढंच घेतलं तिचा अंदाज स्कॅनवाल्यांपेक्षा जास्त बरोबर आला! त्यामुळे कोणी स्कॅन करून एडीएचडी पक्कं करून देतो म्हणालं तर पैसे घालवू नका.

मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००७ चा अमेरिकेतला अभ्यास. मेंदूचं वरचं आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, लहानपणी जाड होत जातं आणि मग पातळ होतं. त्यातल्या निम्म्या भागाने जाडीचा कळस गाठायचं वय बाकीच्या मुलांत साधारण साडेसात होतं आणि एडीएचडीवाल्यांत साडेदहा. सगळ्यात जास्त उशीर कपाळामागच्या भागात, जिथून स्वतःला थांबवणं, लक्ष धरून ठेवणं चालतं. आणि हालचालीचा भाग मात्र उलट जरा लवकरच तयार झालेला. म्हणजे पाय पळायला तयार आणि आवरणारा अजून मागे! हीपण सरासरीच आहे, तुमच्या मुलाचं नेमकं वय यातून निघणार नाही, पण वाढीचा क्रम बराचसा तोच, वेळ वेगळी, हे घरच्यांना जरूर सांगा.

निदान होतं ते वागण्यावरूनच: लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून हवीत, कमीत कमी ६ महिने टिकलेली, आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एमआरआयची फाईल राहिली तरी चालेल, त्याची वही आणि बाईंनी लिहून दिलेले शेरे मात्र न्या, आणि दिरांनापण सोबत घेऊन जा.