वाचकांचे प्रश्न : संविधानाचा मजकूर, इतिहास आणि अर्थ

प्रश्न : संविधान सभेने ‘ड्यू प्रोसेस’ (स्वातंत्र्य हिरावताना प्रक्रिया न्याय्य हवी, हा अमेरिकी दंडक) हे शब्द विचारपूर्वक टाळले होते. मग सर्वोच्च न्यायालयाने पासपोर्ट जप्तीच्या मनेका गांधी खटल्यात ते मागच्या दाराने आत आणले, हे कसे?

उत्तर : टाळले होते, हे खरे. अमेरिकेत याच शब्दांच्या आधारे न्यायालयांनी कामाच्या तासांचे आणि किमान वेतनाचे कायदे रद्द केले होते. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव तिथले न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले आणि सावध झाले. मसुदा समितीने मग जपानच्या १९४६ च्या संविधानाचा दाखला देत ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही रचना आजच्या अनुच्छेद २१ मध्ये (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) घेतली.

पण इतिहास इथेच थांबवला की फसगत होते. १३ डिसेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी कोणत्याच बाजूला झुकते माप दिले नाही. बहुमताच्या जोरावर विधिमंडळ वाहवत जाऊ शकते आणि मूठभर न्यायाधीशही. तेव्हा सभेनेच ठरवावे, असा त्यांचा सूर होता. शब्द तेच राहिले, सभासदांची नाराजीही राहिली. म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये भरपाईदाखल आजचा अनुच्छेद २२ आला : अटकेची कारणे सांगणे, वकील, २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे.

१९५० च्या गोपालन निकालात (प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा खटला) बहुमताने अनुच्छेद १९ (भाषणादी स्वातंत्र्ये), २१ आणि २२ वेगवेगळे कप्पे मानले. सभेतील चर्चेतून असे कप्पे अपरिहार्यपणे निघत नाहीत. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण निकालात ते मोडले आणि १९७८ मध्ये मनेका गांधी निकालाने १४ (समानता), १९ व २१ एकत्र वाचून कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी असे ठरवले. कोणते शब्द का निवडले हे चर्चेतून कळते. अनुच्छेदांचे परस्परांशी नाते काय, हे बहुतेक वेळा कळत नाही. त्यामुळे ‘मागचे दार’ ही टीका आम्हाला अर्धीच पटते.

प्रश्न : जुना निकाल आजही लागू आहे की नाही, हे कसे तपासावे?

उत्तर : आधी निकालाची तारीख पाहा, मग त्या दिवशी अनुच्छेदाचा मजकूर काय होता ते पाहा. नियतकालिकावरील बंदी रद्द करणारा रमेश थापर निकाल मे १९५० चा. तेव्हा भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या अनुच्छेद १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे निर्बंधाचे कारणच नव्हते. ते जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले, आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने. सोबत ‘वाजवी’ हा शब्दही आला, हे मात्र अनेकजण विसरतात.

संविधानाच्या प्रतीत दुरुस्त मजकुराभोवतीच्या चौकोनी कंसाची तळटीप वाचायचा कंटाळा करू नका. दुरुस्तीचे वर्ष आणि अंमलाचे वर्ष एकच असते असे नाही. ८६ वी दुरुस्ती २००२ ची, पण शिक्षणाचा हक्क देणारा अनुच्छेद २१क अंमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्याहून विलक्षण उदाहरण ४४ व्या दुरुस्तीचे (१९७८) : सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणणारी तिची तरतूद संसदेने मंजूर केली, तरी ती लागू करणारी अधिसूचना निघालीच नाही.

शेवटी पीठ किती जणांचे ते मोजा; मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला बदलता येत नाही. खासगीपणाच्या हक्काच्या आड १९५४ चे आठ न्यायमूर्तींचे पीठ येत होते, म्हणून २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणी नऊ बसवावे लागले.

प्रश्न : घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश मते पुरतात ना? अडल्यास संयुक्त बैठक?

उत्तर : नुसती दोन-तृतीयांश पुरत नाहीत. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ३६० जणांनी मतदान केले, तर दोन-तृतीयांश म्हणजे २४०. पण एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही लागते, म्हणजे किमान २७२. राज्यसभेतही हीच दुहेरी अट. राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व किंवा खुद्द अनुच्छेद ३६८ यांना हात लावायचा, तर किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुसमर्थन (ठरावाने मान्यता) हवे. संयुक्त बैठक मात्र नाही. एका सभागृहात विधेयक पडले की विषय संपला.