दुधाचे खाडे आणि नागरिकत्वाचे दिवस

मागच्या अंकात कॅनडाच्या नागरिकत्वावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग लागला. निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच: "ताई, आमचे दिवस भरले का?" मराठीत 'दिवस भरणे'चे आणखी दोन अर्थ होतात, ते बाजूला ठेवू.

मी वकील नाही. मिसिसागात लोकांचे टॅक्स रिटर्न भरून देते. त्याच टेबलावर नागरिकत्वाचे फॉर्म तपासायचं काम कधी येऊन बसलं ते कळलंच नाही. नियम एका वाक्यात मावतो. अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत तुम्ही स्वतः, देहाने, १,०९५ दिवस कॅनडात असायला हवं. घर, गाडी, बँकेतलं खातं, बेसमेंटमधला भाडेकरू यांतलं काहीही तुमच्या वतीने हजेरी लावत नाही.

डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं आणि आई त्यावर दुधाचे खाडे मांडायची. दूधवाला आला नाही त्या तारखेवर फुली. महिनाअखेरीला पैशांवरून वाद झाला की तो कालनिर्णयपुढेच मिटायचा. नागरिकत्वाचा हिशेब असाच असतो, फक्त यात दूधवाले आपण.

प्रश्न : मी १ सप्टेंबर २०२१ला विद्यार्थी म्हणून ऑन्टारिओत आलो. नंतर वर्क परमिट, आणि १५ मार्च २०२४ला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना. पीआरच्या आधी एकदा साधारण तीन महिने नाशिकला जाऊन आलो. पीआरनंतर बहिणीच्या लग्नाला २० नोव्हेंबर २०२४ला निघालो आणि ३ जानेवारी २०२५ला परतलो. मित्र म्हणतात, पीआरला दोन वर्षं झाली की अर्ज टाक. १५ मार्च २०२६ला टाकू का?
— एक वाचक, ब्रॅम्प्टन

तारखा इतक्या नीट लिहून पाठवल्यास, अर्धं काम तिथेच झालं. लोक मला "२०२२च्या दिवाळीच्या आसपास" असं लिहितात आणि मग मी दिवाळी कधी होती ते शोधत बसते.

पीआर मिळण्याआधी तू विद्यार्थी किंवा कामगार म्हणून कायदेशीरपणे इथे काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, आणि असे अर्धे मिळून जास्तीत जास्त ३६५ पदरात पडतात. म्हणजे तिथे ७३० दिवसांपलीकडचं सगळं वाया. सप्टेंबर २०२१ ते मार्च २०२४ हे ९२६ दिवस होतात. त्यातून नाशिकचे तीन महिने वजा केले तरी ८३०च्या आसपास उरतात. तुझे ३६५ पक्के, नाशिकच्या आमरसाची किंमत शून्य.

लग्नाचं तसं नाही, कारण पीआरनंतरचा दिवस पूर्ण धरतात आणि त्यामुळे खाडाही पूर्ण बसतो. निघालेला दिवस आणि परतलेला दिवस हे दोन्ही कॅनडात धरतात. म्हणून खाडे २१ नोव्हेंबर ते २ जानेवारीपर्यंतचे, एकूण ४३. १५ मार्च २०२४ ते १४ मार्च २०२६ हे ७३० दिवस, त्यातून ४३ गेले, उरले ६८७. त्यात ३६५ मिळवले की १,०५२. मित्रांचं ऐकून १५ मार्चला अर्ज टाकलास तर ४३ दिवस कमी पडतील. तुझे १,०९५ भरतात २६ एप्रिल २०२६ला, म्हणून अर्जाचा पहिला मोकळा दिवस २७ एप्रिल.

मी तुला २७ला टाकू देणार नाही. मे संपू दे. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर आहे, त्यात सगळे प्रवास भर. पण ते यंत्र तू सांगशील तेवढंच मोजतं. एखादी चक्कर विसरलास तर ते आठवण करून देत नाही. आणि मधे एखादा परमिट संपून नवा अर्ज न करता काही आठवडे राहिला असशील तर ते दिवस धरू नकोस.

बाकी अटी तुला जड नाहीत: पाचपैकी तीन वर्षांचे रिटर्न, भाषेचा पुरावा, आणि वीस प्रश्नांची परीक्षा, ज्यात पंधरा बरोबर यावे लागतात.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, वय ६८, पत्नी ६४. मुलगा ऑन्टारिओत किचनरला असतो. त्याच्या स्पॉन्सरशिपवर पाच वर्षांपूर्वी आम्हाला पीआर मिळाले. दरवर्षी १ मेला जातो आणि ३१ ऑक्टोबरला मिरजेस परततो, कारण पत्नीला संधिवात आहे. मुलगा म्हणतो, पाच वर्षं झाली, आता पासपोर्ट घेऊन टाका. आम्ही पात्र आहोत का?
— एक वाचक, मिरज

गुरुजी, नमस्कार. मे ते ऑक्टोबर हे १८४ दिवस. पाच वर्षांचे ९२०. पात्रतेला १७५ कमी. उत्तर 'नाही' असंच आहे, पण हे पत्र मी दोनदा वाचलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या मुलाचा घोळ कुठे झाला असेल ते मला ठाऊक आहे, माझ्या टेबलावर दर महिन्याला होतो. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात. ते तुमचे कधीच भरलेत, कार्ड निर्धास्त नवं करून घ्या. ऑन्टारिओचं आरोग्य कार्ड चालू राहायला कुठल्याही बारा महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावं लागतं, तेही तुम्ही पाळता. नागरिकत्वाचे १,०९५ हा तिसराच हिशेब. प्रत्येक खात्याच्या भिंतीवर वेगळं कालनिर्णय आहे आणि एकाच्या फुल्या दुसऱ्याला दिसत नाहीत.

दुसरा गैरसमज वयाचा. ५५ पूर्ण झाल्यावर परीक्षा नाही आणि भाषेचा पुरावाही नाही, हे खरं. दिवसांत मात्र वयाची सवलत एका दिवसाचीही नाही.

आता मार्ग. तुम्ही एका वर्षी ३१ ऑक्टोबरला परतलाच नाहीत आणि पुढच्या ३० एप्रिलपर्यंत किचनरलाच राहिलात, तर नोव्हेंबर ते एप्रिलचे १८१ दिवस वाढतात. आधीच्या चार उन्हाळ्यांचे ७३६ आणि या अख्ख्या वर्षाचे ३६५ मिळून १,१०१. सहा दिवस वर. (या १,१०१शी माझं जुनं वैर आहे, पुढच्या उत्तरात येईल.) त्यानंतर अर्ज लांबवू नका. पाच वर्षांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. उन्हाळ्यात सरकली तर चालतं, कारण जुना एक दिवस गळतो तसा नवा एक येतो. नोव्हेंबरात मिरजेस गेलात तरी आकडा टिकतो, कारण तेव्हा गळणारे जुने दिवसही मिरजेचेच असतात. पण पुढे एखाद्या उन्हाळ्यात आलाच नाहीत, तर आकडा परत ९२०च्या आसपास घसरेल.

म्हणजे प्रश्न एका थंडीचा आहे. किचनरची जानेवारी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगू शकते, बाईंच्या गुडघ्यांना सांगू शकत नाही. खिडकीतून बर्फ बघायला चार दिवस बरं वाटतं. पुढे दुपारी पाचला अंधार, सुनेची नोकरी, नातवंडांची शाळा, आणि दिवसभर दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

शिवाय पासपोर्ट घेतल्यावर काय सुटतं तेही मुलाने सांगितलं नसेल. १९५५च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९नुसार दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, घ्यायचं. ओसीआयवर येणं-जाणं, राहणं सगळं होतं, पण मत देता येत नाही आणि नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्याकडे आज जी जमीन असेल ती राहते. पण शेजारचा बांधाला लागून असलेला तुकडा निघाला तर तो घेता येणार नाही. मिरजेकडच्या माणसाला हे मी समजावून सांगायला नको.

मला विचाराल तर तुमच्यासारख्यांना पीआर पुरेसा आहे. मुलाला वाईट वाटेल, पण तो पासपोर्ट तुमच्यापेक्षा त्याच्या जिवाला हवा असावा. आई-वडिलांचं कायमचं काहीतरी झालं, एवढं त्याला वाटायला हवं आहे. त्याच्याशी एकदा बसून बोला.

प्रश्न : मी वारंवार नायगाराच्या पुलावरून बफेलोला खरेदीला जाते, संध्याकाळी परत येते. हे खाडे धरायचे का? आणि जुने प्रवास आठवत नसतील तर काय करायचं?
— एक वाचक, सेंट कॅथरिन्स

सकाळी जाऊन त्याच दिवशी परतलात तर खाडा शून्य. तरीही त्या फेऱ्या फॉर्ममध्ये लिहा.

आठवत नसतील तर शोधायच्या. अमेरिकेच्या प्रवेशनोंदी त्यांच्या आय-९४च्या संकेतस्थळावर दिसतात. कॅनडाच्या सीमा खात्याकडे तुमच्या येण्या-जाण्याचा इतिहास अर्ज करून मागता येतो. बाहेर जाण्याची नोंद जमिनीवरून २०१९पासून आणि विमानाने २०२०पासून नियमित होते, म्हणजे तुम्ही विसरलात तरी सरकार विसरत नाही. त्याखेरीज ईमेलमधली तिकिटं, क्रेडिट कार्डची स्टेटमेंटं, आणि सगळ्यांत भरवशाचे फोनमधले फोटो. गेल्या वर्षी एका जोडप्याच्या तारखा आम्ही डोहाळजेवणाच्या फोटोंवरून लावल्या.

आता माझं. मी मे १९९९ला इथे आले. तेव्हा चार वर्षांत तीन वर्षं असा नियम होता, आकडा हाच, १,०९५. जुलै २००२ला मी अर्ज केला. डोंबिवलीच्या एका फेरीचे ४२ खाडे वजा करून माझे १,१०१ भरत होते. आईची लेक, हिशेब पक्का, सहा दिवस वर, असं म्हणून मीच माझी पाठ थोपटली होती. मुलाखतीला गेले. समोरच्या बाईंनी पासपोर्टची पानं उलटली, डेट्रॉइटच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कधीचं?" मावसबहिणीच्या लग्नाला आम्ही गाडीने विंडसरवरून शिकागोला गेलो होतो. विमान नव्हतं, तिकीट नव्हतं, म्हणून ते माझ्या डोक्यात 'परदेश' या खणात पडलंच नव्हतं. दहा दिवस. १,०९१. चार दिवस कमी.

बाई भल्या होत्या. वाद घालता आला असता, पण मी अर्ज मागे घेतला, परत भरला, आणि दीड वर्ष नंतर शपथ घेतली. घरी नवरा आठवडाभर "दूध चार दिवस आलं नाही वाटतं" म्हणत होता.

विसरणं आणि लपवणं यांत खातं फरक करतं, पण तो फरक तुम्हाला पटवून द्यावा लागतो. शंका आली तर लांबलचक प्रश्नावली येते, भाड्याच्या पावत्यांपासून सगळं मागतात. आणि लपवलंच असं ठरलं तर पाच वर्षं नागरिकत्वाचा अर्ज करता येत नाही.

प्रश्न : माझे पती कॅनडाचे नागरिक, दुबईत एका खासगी कंपनीत. मी पीआर, त्यांच्यासोबत राहते. नागरिक नवऱ्यासोबतचे दिवस कॅनडात धरतात असं वाचलं. माझ्या दिरांना २००८मध्ये आखातात नोकरी करत असतानाही नागरिकत्व मिळालं होतं.
— एक वाचक, दुबई

वाचलंत ते बरोबर, पण ते पीआर टिकवण्यासाठी. नागरिकत्वासाठी दुबईचे दिवस शून्य. पती कॅनडा सरकारच्या नोकरीत किंवा सैन्यात असते तर गोष्ट वेगळी होती.

दिरांचंही खोटं नाही. तेव्हाच्या कायद्यात 'निवास' हा शब्द होता आणि त्याची व्याख्याच नव्हती. १९७८च्या पापादोगिओर्गाकिस खटल्यात फेडरल कोर्टाने म्हटलं की माणसाचं बिऱ्हाड, मन इथे असेल तर तो बाहेर असतानाही निवासी असू शकतो. १९९२च्या कू खटल्यात त्यासाठी सहा प्रश्नांची कसोटी आली. १९९३च्या पूरघासेमी खटल्यात दुसऱ्या न्यायाधीशांनी सरळ दिवस मोजायला सांगितले. तिन्ही कसोट्या एकाच वेळी चालू, तुमची फाइल कोणापुढे जाते त्यावर नशीब. जून २०१५ला ते संपलं. प्रत्यक्ष हजेरी कायद्यात आली, तीही सहा वर्षांत १,४६० दिवस अशी कडक. ११ ऑक्टोबर २०१७पासून ती आजच्या पाच वर्षांत १,०९५वर आली. दिरांच्या वेळच्या त्या फटी आता बुजल्या आहेत.

प्रश्न : आम्हा दोघांचे दिवस भरले, पण नऊ वर्षांची मुलगी वर्षभर आजीकडे साताऱ्याला होती. तिच्यासाठी थांबावं लागेल का?
— एक वाचक, कॅल्गरी

नाही. ती पीआर आहे ना? मग आई किंवा वडिलांपैकी एकाच्या अर्जासोबत तिचा अर्ज लावा. अठराच्या आतल्या मुलांना अशा वेळी १,०९५ची अट नसते. अर्जावर सही तुम्ही करायची, आणि शपथविधीच्या दिवशी तुम्ही दोघं कॅनडात असायला हवं, ऑनलाइन असला तरीही. एका गृहस्थांनी पुण्याहून लॅपटॉपवर शपथ घ्यायचा बेत केला होता. त्यांना तारीख बदलून घ्यावी लागली.