पुस्तक विकत आणून दिलं, तरी मुलगी गप्पच

‘ताई, पुस्तक आम्ही त्याच रात्री ऑनलाइन मागवलं. दोन दिवसांत घरी आलं. तिने खोकासुद्धा फोडला नाही. आता आणखी काय करायचं आम्ही?’

टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मराठी घरं पुष्कळ आहेत. त्या घरांतले पालक आणि मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं हटवली जाऊ लागल्यापासून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतो. कुणी विचारतं, मुलीला समजावू कसं? कुणी विचारतं, शाळेत जाऊन बोलावं का? आणि निघता निघता, दाराशी उभं राहून, आवाज खाली आणून हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘आपण इथे व्हिसावर. आपण कशाला मध्ये पडायचं?’ अशाच एका कुटुंबाबद्दल, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल ते सगळे तपशील बदलून, लिहिते आहे.

मुलगी आठवीतली, तेरा वर्षांची. वाचनाची भारी आवड. मधल्या सुट्टीत लायब्ररीत मदतनीस म्हणून जायची, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. एक दिवस तिने ते काम सोडलं. कारण विचारलं तर ‘बोअर होतं’. मग डब्यात पोळीभाजी नको, सँडविच दे, असं सुरू झालं. मग रविवारच्या मराठी शाळेला जायला नकार. आईला वाटलं, वयच तसं आहे. पण एका रात्री मुलगी म्हणाली, ‘आपल्यासारख्यांची पुस्तकं आता शाळेत नसतात,’ आणि त्यापुढे एक शब्द बोलली नाही. आईबाबांनी पुस्तकाचं नाव शोधून काढलं, मागवलं, आणि खोका तिच्या टेबलावर तसाच पडून राहिला.

पहिल्या भेटीत ती फारसं बोलली नाही. दुसऱ्या भेटीत मी एक जुनी प्रश्नावली काढली. कॅरल गुडनाऊ या संशोधिकेने १९९३ मध्ये ती तयार केली. आपण या शाळेचे आहोत असं मुलाला किती वाटतं, हे तपासणारी अठरा विधानं तिच्यात आहेत. मी ती कागदावर भरून घेत नाही, गप्पांच्या ओघात एकेक विचारते. इथे तुझं मत कुणी मनावर घेतं का, तू जशी आहेस तशी इथे वागू शकतेस का, असं. बहुतेक उत्तरं ठीकठाक आली. ‘अडचण आली तर जिच्याशी बोलता येईल अशी एकतरी मोठी व्यक्ती शाळेत आहे का?’ यावर ती म्हणाली, ‘होती.’

कोण, ते उघड होतं. लायब्ररियन.

मग तिने सगळं सांगितलं. शाळांचा कारभार बघणाऱ्या डिस्ट्रिक्टकडून काढायच्या पुस्तकांची यादी आली होती. काही ओळींवर पिवळा हायलायटर मारलेला. लायब्ररियनने ती यादी क्लिपबोर्डला लावून तिच्याच हातात दिली, ‘एवढी पुस्तकं काढून ट्रॉलीवर ठेवशील?’ ती एकेक काढत गेली. सातवीपासून तिने तीनदा घरी नेलेलं पुस्तकही त्या यादीत निघालं. भारतातून आलेल्या कुटुंबातल्या, सावळ्या रंगाच्या, डब्याच्या वासावरून टोमणे ऐकणाऱ्या मुलीची ती गोष्ट. तिने ते ट्रॉलीवर ठेवताना पुस्तकाचा कणा आतल्या बाजूला वळवला, नाव कुणाला दिसू नये म्हणून. ट्रॉली मागच्या खोलीत गेली, कुलूप लागलं. लायब्ररियन एवढंच म्हणाली, ‘फक्त तपासणीसाठी आहे.’ आणि हे म्हणताना तिने मान वर केली नाही.

आईबाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं की मुलीला पुस्तक मिळेनासं झालंय. पुस्तक मिळवणं ही तर अमेरिकेतली सगळ्यात सोपी गोष्ट. पण तिच्या हातून असं घडलं होतं की जिच्यावर विश्वास, तिच्याच सांगण्यावरून आपणच आपल्याला बाहेर काढून ठेवलं. ते घरपोच आलेल्या प्रतीने भरून कसं निघणार?

टेक्सासबाहेरच्या वाचकांना या यादीची पार्श्वभूमी सांगायला हवी. ऑक्टोबर २०२१ मध्ये इथल्या एका आमदाराने सुमारे ८५० पुस्तकांची यादी डिस्ट्रिक्टना पाठवून विचारलं, यातली किती तुमच्याकडे आहेत आणि त्यांवर किती पैसे घातलेत? विद्यार्थ्यांना अस्वस्थ किंवा अपराधी वाटायला लावेल असा मजकूरही त्याने कळवायला सांगितला होता. तेव्हापासून हे सुरूच आहे. पेन अमेरिका ही लेखकांची संस्था देशभरातल्या नोंदी ठेवते. त्यांच्या हिशेबात २०२३-२४ या शालेय वर्षात शाळांमधून पुस्तकं हटवल्याच्या दहा हजारांहून जास्त घटना आहेत, २०२४-२५ मध्ये ६,८७० आणि त्या वर्षी फ्लोरिडाखालोखाल टेक्सासचा नंबर. वांशिक अल्पसंख्याक पात्रं आणि समलिंगी पात्रं असलेली पुस्तकं यात मोठ्या प्रमाणावर सापडतात. २०२५ च्या नव्या राज्य कायद्याने लायब्ररीतल्या पुस्तकांवर डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या स्कूल बोर्डाचा आणि पालकांचा अधिकार आणखी वाढवला. आपल्या मुलाने काय नेलं हे पालकांना बघता येतं, अमुक पुस्तक त्याला देऊ नका असंही कळवता येतं.

यादी कशी बनली हे मोठ्यांना कळतं. मुलाला फक्त कपाटातली मोकळी जागा दिसते. कुणी कारण सांगितलं नाही तर मूल ते स्वतःत शोधतं, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. घटस्फोटात तेच होतं, घरातल्या आजारपणात तेच होतं, इथेही तेच झालं. म्हणून आईला मी पहिलं काम दिलं ते कारण विचारण्याचं. तक्रार करायची नव्हती, लायब्ररियनला साधी ईमेल लिहायची होती. हे पुस्तक काढलं आहे का, आक्षेप कशावर आहे, निर्णय कोण घेणार आणि कधीपर्यंत?

उत्तर आलं, आणि गोष्टीने वेगळंच वळण घेतलं. आक्षेप त्या सावळ्या मुलीवर नव्हताच. पुस्तकात तिची एक मैत्रीण आहे, जिला दोन आया आहेत, म्हणजे तिचे पालक दोन स्त्रियांचं जोडपं आहे. आक्षेप होता त्या पानांवर.

पुढच्या भेटीला तिघं आले. बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसत होता. ते मुलीकडे वळून म्हणाले, ‘बघ! म्हणजे आपल्याबद्दल नव्हतंच ते. उगाच डोक्यात घेऊन बसलीस.’

मुलगी थोडा वेळ कार्पेटकडे बघत राहिली. मग तिने तिच्या वर्गातल्या जिवलग मैत्रिणीचं नाव घेतलं. ‘मग तिच्याबद्दल होतं ना, बाबा?’

त्या मैत्रिणीलाही दोन आया आहेत. ती यांच्याकडे कितीदा तरी जेवलेली, साबुदाण्याची खिचडी मागून घेऊन खाणारी. बाबांना एकदम काही सुचेना. ते मनाने चांगले गृहस्थ आहेत. मुलीचं दुखणं हलकं व्हावं एवढ्याच हेतूने बोलले होते. पण मुलीला त्यात ऐकू आलं ते असं की दार बंद झालं तरी हरकत नाही, आपण आत आहोत ना!

ही गोष्ट लिहायला घेतली ती या वाक्यासाठी. ‘आपल्याबद्दल नाही ना, मग सोड’ हे मी आपल्या घरांत फार ऐकते, आणि मुलांचं मन त्याने शांत होत नाही. आज मैत्रिणीला काढता येतं, तर आपलं इथलं असणंही कुणाच्या तरी यादीवर अवलंबून आहे, हे तेरा वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं. ती स्वतःपुरती सुटका मागत नसते. ही शाळा सगळ्यांची आहे की नाही, एवढंच तिला पक्कं हवं असतं.

बाबांनी मग मनातलं बोलून टाकलं. ‘ताई, खरं सांगू? काही पुस्तकं या वयात नकोत असं मलाही वाटतं.’ हे त्यांनी उघड बोललं ते फार बरं झालं. मी त्यांना म्हटलं, तुमच्या मुलीने काय वाचावं यात तुमचा शब्द आहेच. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेरीलंडमधल्या खटल्यात धार्मिक कारणाने आपल्या मुलाला काही गोष्टींच्या पुस्तकांच्या तासातून बाहेर ठेवण्याची मागणी करणाऱ्या पालकांच्या बाजूने कौल दिला. तो त्यांच्या स्वतःच्या मुलांपुरता. पण कपाटातून पुस्तक जातं तेव्हा शेजारच्या घराचा निर्णयही आपणच घेतलेला असतो. शेजारच्या घरात ती मैत्रीण राहते. आणि आधी पुस्तक वाचा, मग मुलीशी बोला. त्यांनी वाचलं. दोन ठिकाणी त्यांना अवघडल्यासारखं झालं, ते त्यांनी मुलीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. गाडीत घरी पोचेपर्यंत दोघं भांडले म्हणे. आई काळजीने सांगत होती, मला मात्र हायसं वाटलं. महिन्याभरात पहिल्यांदाच मुलगी त्या पुस्तकाबद्दल पूर्ण वाक्यांत बोलली होती.

लायब्ररियनशी भेट घडवणं जास्त गरजेचं होतं. ती पंधरा-वीस मिनिटांचीच झाली, मुलगी, आई आणि लायब्ररियन. आईने सांगितलं त्यावरून, लायब्ररियन म्हणाली की ती यादी मुलीच्या हातात द्यायला नको होती, ते काम मोठ्यांचं होतं. पुस्तक काढणं तिलाही पटलेलं नव्हतं, पण नोकरीचा प्रश्न होता. मुलीने एकच अट घातली. मी पुस्तकं लावायला येईन, काढायला येणार नाही. लायब्ररियनने मान्य केलं. बंदी तशीच राहिली, पण प्रश्नावलीतलं ते ‘होती’ पुन्हा ‘आहे’ झालं. पालकांना माझा आग्रह असतो तो याचसाठी. बोर्ड, कायदा, बातम्या पुढचं पुढे, आधी शाळेतला तो एक माणूस मुलाला परत मिळवून द्या.

कायद्याचं पालक हटकून विचारतात, ‘अशी बंदी चालते का?’ मी वकील नाही, पण जे माहीत आहे ते सांगते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज डिस्ट्रिक्टने काढलेल्या पुस्तकांवरून स्टीव्हन पिको हा विद्यार्थी कोर्टात गेला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. विचार पटत नाहीत एवढ्यावरून बोर्डाने शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं काढू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. मात्र ते मत न्यायाधीशांच्या बहुमताचं नव्हतं, आणि ती फट आज महागात पडते आहे. मे २०२५ मध्ये टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपीवर अधिकार असलेल्या अपील न्यायालयाने लानो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या खटल्यात म्हटलं की ग्रंथालयाने पुस्तकं काढली तर माहिती मिळवण्याच्या हक्काच्या आधारावर वाचकाला त्याला आव्हान देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. म्हणजे इथे तरी कोर्टाची वाट बघत मुलीला थांबवून ठेवण्यात अर्थ नाही.

निर्णय फिरतच नाहीत असंही नाही. ह्यूस्टनजवळच्या केटी डिस्ट्रिक्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये एका कृष्णवर्णीय मुलाच्या शाळेवरचं चित्रमय पुस्तक काढलं होतं, आदल्याच वर्षी बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालेलं. समितीने ते वाचलं आणि थोड्याच दिवसांत परत कपाटात ठेवलं. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रल यॉर्कमध्ये तर मुलांनीच रोज शाळेबाहेर फलक धरले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बोर्डाने बंदी उठवली. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न केला, ‘ती मुलं माझ्याएवढी होती?’ मी सांगितलं, तुझ्याहून थोडी मोठी, हायस्कूलची. ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी २०२२ पासून देशातल्या १३ ते २१ वयाच्या कुणालाही मोफत ई-कार्ड देते, हेही सांगितलं. तिने आणि मैत्रिणीने मिळून अर्ज केला. त्याने पुस्तकं मिळतात. शाळेत आपली जागा आहे का, हा प्रश्न मात्र शाळेतच सोडवावा लागतो.

राहिला व्हिसाचा प्रश्न. बाबा एच-वन-बीवर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत बरीच वर्षं. अशा घराला ‘घाबरू नका, बोला’ असा सल्ला मी देत नाही. ज्याचं घर, कर्ज, मुलांच्या शाळा एका कागदावर उभ्या आहेत त्याची भीती खरी असते. स्कूल बोर्डाच्या सभेत बोलण्याबद्दल शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. पण ईमेल करून कारण विचारणं, लायब्ररियनला भेटणं, मुलीच्या मैत्रिणीच्या आयांना जेवायला बोलावून ‘तुम्हाला हे कळलं का, कसं वाटतंय?’ असं विचारणं, यातल्या कशालाच माइकसमोर उभं राहावं लागत नाही. यांच्या घरी ते जेवण झालं. त्या दोघींना यादीबद्दल आधीच ठाऊक होतं. इतक्या दिवसांत आपणहून विषय काढणारं हे पहिलंच घर, असं त्या म्हणाल्या.

पुस्तक अजून तपासणीतच आहे. डिस्ट्रिक्टच्या लायब्ररी सल्लागार समितीवर पालक घेतात, त्यासाठी आईने अर्ज करायचं ठरवलं आहे. बाबांचं मत अजून डळमळीत आहे, पण अर्जाचं इंग्रजी त्यांनीच तपासून दिलं. ‘तुम्हाला या समितीत का यायचं आहे?’ या रकान्यात काय लिहावं, हे विचारायला परवा आईचा फोन आला होता. मी म्हटलं, लेकीला विचारा.