पासिंगच्या आधी गाडी बघा
वाचकांचे प्रश्न : चारचाकी

प्रश्न : बुकिंग करून चार महिने झाले. 'चिप नाही' म्हणून शोरूमवाले हात वर करतात, पण त्याच गाडीचं खालचं मॉडेल आठ दिवसांत देतो म्हणतात. हे खरं मानायचं काय? मधात भाव वाढला तर?
– एक कास्तकार, दारव्हा (यवतमाळ)

खरं असू शकतं. खालच्या मॉडेलात कॅमेरा, रडार, मोठी स्क्रीन नसते. म्हणजे अडलेला नेमका भाग त्या गाडीला लागतच नाही. काच खाली-वर करण्यापासून एअरबॅग फुगवण्यापर्यंत एका गाडीत आज शेकड्यांनी चिपा असतात, आणि त्यांतली एक स्वस्तातली चिप नसली तरी लाखांची गाडी कारखान्यात अडकून पडते. 2021 मध्ये जगभर हेच झालं. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मिळ धातूंच्या चुंबकांना निर्यात परवाना सक्तीचा केला, तेव्हा इलेक्ट्रिक मोटर आणि पॉवर स्टिअरिंगचे भाग अडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेदरलँड्सच्या नेक्स्पेरिया या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ताब्यावरून वाद पेटला आणि साध्या, जुन्या धाटणीच्या चिपांचीही ओढाताण झाली. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे दसरा-दिवाळीला गिऱ्हाईक तुटून पडलं.

पण 'चिप नाही' हे आता सगळ्यात सोपं कारणही झालं आहे. म्हणून एकच प्रश्न विचारा : माझ्या नावावर चेसिस नंबर (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) पडला काय? तो पडला म्हणजे गाडी बनली, आता ट्रेलरवर चढून यायची तेवढी बाकी. पडला नसेल तर सांगितलेली प्रत्येक तारीख अंदाजपंचे समजा. मॉडेल, रंग आणि बुकिंगची तारीख शोरूमकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरही चालेल. रंगाबाबत हट्ट नसेल तर तसं सांगा. कारखान्यात एका रंगाच्या गाड्या एकत्र काढतात. छत वेगळ्या रंगाचं हवं असेल तर गाडी रंगाला दोनदा जाते, तिला साहजिकच वेळ जास्त लागतो.

भावाचं उत्तर तुमच्याच बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं : 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू.' बुकिंग रद्द केलं तर किती रक्कम कापतात तेही तिथंच सापडेल. आणि चेसिस नंबर पडल्याशिवाय बँकेला पैसे सोडू देऊ नका. पैसे शोरूमच्या खात्यात गेले की त्या दिवसापासून तुमचं व्याज सुरू, मग गाडी यार्डात असो की चाकणला.

प्रश्न : शोरूम गावाहून 40 किलोमीटर. 'पासिंग करून ठेवतो, मग पूजेलाच या' असं म्हणतात. गाडी नेताना काय काय तपासायचं?
– मूर्तिजापूर (अकोला)

पासिंग झाल्यावर तपासून उपयोग नाही. गाडी एकदा तुमच्या नावावर चढली की सापडलेला दोष 'दुरुस्त' होतो, गाडी बदलून मिळत नाही. म्हणून नोंदणीचे कागद पुढे जाण्याआधी एक चक्कर मारा. सकाळी उजेडात, गाडी धुतलेली असताना जा. शोरूमच्या ट्यूबलाइटखाली रंगाचा फरक दिसत नाही.

पहिल्यांदा वय बघा. चेसिस नंबर 17 अक्षर-आकड्यांचा असतो. बऱ्याच कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं असतं : 2025 ला एस, 2026 ला टी. पण महिना लिहायची तऱ्हा कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे त्यावर वाद घालत बसू नका. फॉर्म 21 मध्ये, म्हणजे विक्री प्रमाणपत्रात, बनावटीचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. तेच आरसी बुकवर चढतं आणि पुढे गाडी विकताना भाव त्यावरच ठरतो. दोन-तीन महिने जुनी गाडी चालते. सहा महिन्यांच्या वर उभी असेल, किंवा मधात वर्ष बदललं असेल, तर सूट मागा. टायरवरचे चार आकडेही वाचा : 3425 म्हणजे 2025 सालचा 34 वा आठवडा. चार टायर एका काळातले आणि पाचवाच फार वेगळा असेल तर कारण विचारा.

मग बोनेट उघडा. पुढच्या फेंडरचे आणि बोनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट जवळून बघा. बहुतेक गाड्यांत हे बोल्ट कारखान्यात बॉडीसोबत रंगवलेले असतात. पान्याच्या खुणा असतील, कोपऱ्यावरचा रंग उडाला असेल, तर तो भाग खोलला गेला आहे. ट्रेलरवरून उतरवताना गाडीला लागतं आणि यार्डातच रंग मारून ती उभी केली जाते. दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, ते बोट फिरवून बघा.

पावसाळ्यानंतरच्या गाडीत सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. पट्ट्याच्या टोकाला चिखलाची रेघ किंवा कुबट वास असेल तर गाडीत पाणी शिरलेलं आहे. डिक्कीतलं स्टेपनीचं झाकणही उचला. पाणी तिथंच साचतं.

बॅटरी सगळ्यात जास्त दगा देते, कारण यार्डात गाडी महिनोन्महिने उभी असते आणि आतली यंत्रं थोडी थोडी वीज खातच असतात. गावच्या वायरमनचा मल्टिमीटर सोबत न्या. इंजिन काही तास बंद असताना 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. त्याच्या खाली असेल तर बदलून मागा, 'चार्ज करून देतो' मान्य करू नका. नुसतं चार्जिंग केलं तर आपल्याकडच्या 45 अंशांच्या मे महिन्यात ती मान टाकणार.

टायरमधली हवा हमखास राहून जाते. यार्डात टायर चपटा होऊ नये म्हणून 40 च्या वर हवा भरलेली असते आणि ती तशीच तुमच्या गळ्यात पडते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा चिकटवलेला असतो, तेवढीच ठेवा. टायर गार असताना मोजा.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, मीटरमधले सगळे इशारे एकदा पेटायला हवेत आणि मग विझायला हवेत. एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही तर दिवा न विझण्यापेक्षाही ते वाईट, कारण पुढे बिघाड झाला तरी तो दाखवणार नाही. एसी दहा मिनिटं चालू ठेवा, चारही काचा, मागचा कॅमेरा आणि दोन्ही चाव्या वापरून बघा. तुटवड्याच्या काळात काही गाड्या एकाच रिमोट चावीवर दिल्या गेल्या आहेत. तसं असेल तर दुसरी कधी देणार ते बिलावर लिहून घ्या. 'हँडलिंग चार्ज' नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारायला लाजू नका.

प्रश्न : गाडीचं ॲप इथं चालतच नाही. स्क्रीनवर 'अपडेट' येतं, पूर्ण होत नाही. दोनदा स्क्रीन काळी पडली.
– धारणी (अमरावती)

ॲप आणि अपडेट गाडीतल्या सिमवर चालतात, आणि मेळघाटात रेंज कुठं आहे कुठं नाही हे तुम्ही आम्हाला सांगाल. परतवाड्याला किंवा अमरावतीला आलात की घरगुती वायफाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून अपडेट लावा. बॅटरी भरलेली हवी, गाडी उभी हवी, आणि सुरू झालेलं अपडेट मधात तोडायचं नाही. काळ्या स्क्रीनचं एक कारण तेच असतं. दुसरं कारण ऊन. दुपारभर उन्हात उभ्या गाडीची स्क्रीन तापून स्वतःच बंद पडते, गार झाल्यावर परत येते. तसं असेल तर ठीक. गारव्यातही काळी पडत असेल तर तो वॉरंटीतला दोष.

सर्व्हिसला देताना जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत, तारखेसह लिहून घ्या आणि प्रत मागा. 'जनरल चेकअप' असं लिहिलेल्या जॉब कार्डाला उद्या काही किंमत नाही. तीनदा नेऊनही दुरुस्त झाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुढे जायचं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, शोरूम किंवा कंपनी कुठंही असो. मुदत दोन वर्षांची.

प्रश्न : एडासवाली (कॅमेरा-रडारने समोरचं ओळखून इशारा देणारी, ब्रेक मारणारी) गाडी घेतली. पांदण रस्त्यावर उगाच ब्रेक मारते, टूं-टूं करते. बंद करू काय? रोही (नीलगायी) आडवे येतात म्हणून समोर लोखंडी गार्डही लावायचा आहे.
– वरोरा (चंद्रपूर)

गार्ड लावू नका. डिसेंबर 2017 मध्येच केंद्राने त्याला मनाई केली आहे. तुमच्या गाडीत तर तो समोरच्या रडारच्या तोंडावर बसेल, आणि धडक झाली तर एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का चुकीचा पोचेल.

रस्त्यावरची पांढरी पट्टी ओळखणारा कॅमेरा आरशामागे काचेला असतो. पांदणीला पट्टीच नाही, तिथं पट्टीच्या इशाऱ्याचं बटण बंद केलं तरी बिघडत नाही. आपोआप ब्रेकचं मात्र चालू राहू द्या, समृद्धीवर आणि हायवेवर ते कामाचं आहे. उगाच ब्रेक लागतो तो बहुधा कडेची फांदी किंवा रडारवरच्या चिखलाच्या थरामुळे. काळ्या मातीतून आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, प्रेशरचा पाइप जवळून मारू नका. रोही, रानडुक्कर किंवा अंधारातली बिनरिफ्लेक्टरची बैलबंडी ही यंत्रणा ओळखेलच असं धरू नका. ती मुख्यतः गाड्या, दुचाक्या आणि माणसं ओळखायला बनवलेली आहे. पुढची काच कधी बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्या आणि त्याचा खर्च विम्याच्या दाव्यात धरला आहे का, ते आधी विचारा.

प्रश्न : सोयाबीनचे कट्टे आणि गाडी एकाच टीनाखाली. उंदरांनी वायर कुरतडली. वॉरंटीत बसेल काय?
– दर्यापूर (अमरावती)

वॉरंटीत नाही, विम्याची पॉलिसी वाचा. कट्टे हलवा, आणि आठवड्यातून दोनदा बोनेट उघडून बघा, आत काड्या-चिंध्या दिसल्या की समजायचं. पिवळ्या आवरणातली वायर एअरबॅगची असते आणि इलेक्ट्रिक-हायब्रीड गाडीतली नारिंगी वायर उच्च दाबाची. या दोन रंगांना टेप लावून जोड देऊ नका, गावच्या वायरमनला हात लावू देऊ नका. ती थेट सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.