'माणिक' हे नाव मुलाचं की मुलीचं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलाचं नाव माणिक ठेवायचं मनात आहे, पण घरातले काही जण म्हणतात की हे बायकांचं नाव. तर या नावाचे कोणी नामवंत पुरुष होऊन गेले का?

ढिगाने झाले. गोची एवढीच की त्यातले बरेचसे दुसऱ्याच नावाखाली लपलेत.

तुकडोजी महाराजच घ्या. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या या मुलाचं नाव होतं माणिक बंडोजी इंगळे. 'तुकड्या' हे नाव गुरू आडकोजी महाराजांनी दिलेलं. पुढे खंजिरी घेऊन गावोगाव फिरणारा, ग्रामगीता लिहिणारा हा माणूस त्याच नावाने राष्ट्रसंत झाला. जन्मनाव रत्नाचं, मिरवलं मात्र 'तुकडा' हे! मला तर त्यांचा सगळा पिंड या एका अदलाबदलीत दिसतो.

दुसरा माणिकही विदर्भातलाच. माणिक सीताराम गोडघाटे म्हटलं तर चटकन कोणी ओळखणार नाही. कवी ग्रेस म्हटलं की काम झालं. जन्म १९३७, नागपूर. इन्ग्रिड बर्गमनच्या एका चित्रपटावरून त्यांनी हे टोपणनाव उचललं आणि मूळ नाव कागदोपत्रीच राहिलं.

बंगालमध्ये गाडी उलट्या दिशेने जाते. तिथे प्रत्येकाला एक घरातलं नाव असतं, त्याला डाकनाम म्हणतात, आणि 'मानिक' हे त्यातलं लाडकं. सत्यजित राय जवळच्यांसाठी अखेरपर्यंत मानिकदाच होते. प्रबोधकुमार बंद्योपाध्याय या तरुणाने मित्रांशी पैज लावून मासिकाला कथा धाडली ती डाकनाम घालून. ती छापून आली, आणि बंगाली साहित्याला माणिक बंद्योपाध्याय मिळाले. प्रबोधकुमार कायमचे विसरले गेले. त्रिपुराला तर या नावाचे दोन मुख्यमंत्री लाभले: १९९८ ते २०१८ माणिक सरकार, आणि २०२२ पासून माणिक साहा. पक्ष मात्र एकदम विरुद्ध.

जन्माचं नाव शेवटपर्यंत राखणाऱ्यांत माणिकप्रभू आले. १८१७ साली जन्मलेले हे सत्पुरुष सगळे धर्मपंथ सारखेच मानणाऱ्या सकलमत संप्रदायाचे प्रवर्तक. कर्नाटकातल्या हुमनाबादजवळ माणिकनगर वसलं ते त्यांच्याच नावाने.

आता घरच्यांची बाजू. तीही अगदी चूक नाही. रेडिओ ऐकत वाढलेल्या पिढीला माणिक म्हटलं की माणिक वर्माच आठवतात, 'अमृताहुनी गोड' कानात वाजायला लागतं. त्या माहेरच्या दादरकर, जन्म १९२६. किराणा घराण्याचं शिक्षण त्यांनी सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या भावंडांकडे घेतलं. म्हणजे माणकाला पैलू पाडले ते हिऱ्याने. (हा विनोद टाळता आला नाही, माफी असावी.) जयपूर-अत्रौली गायकीतल्या माणिक भिडे, किशोरीताई आमोणकरांच्या शिष्या आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या आई, याही याच नावाच्या. त्यामुळे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या घरात हे नाव बायकी वाटत असेल तर नवल नाही.

खरं तर भांडणाला जागाच नाही, कारण मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे: ते माणिक. संस्कृत माणिक्यापासून आलेला. मागे 'राव' लावा की पुरुष होतो, 'ताई' लावा की बाई. गंमत म्हणजे विभक्ती लागली की रत्न आणि माणूस आपोआप वेगळे होतात. माणकाची अंगठी म्हणजे लाल खड्याची, माणिकची अंगठी म्हणजे त्या माणसाची. ही सोय हिरा आणि मोती या नावांतही आहे.

दगड म्हणूनही नाव कमी नाही. माणिक आणि नीलम हे दोन्ही मुळात कुरुंदच, धार लावायला वापरतात तोच. त्यात किंचित क्रोमियम शिरलं की लाल रंग येतो आणि त्याचं माणिक होतं. कठीणपणात १० पैकी ९, वर फक्त हिरा.

तेव्हा खुशाल ठेवा. फक्त शाळेत त्याचं 'माणक्या' होणार हे धरून चाला. तुकड्यापेक्षा बरंच म्हणायचं.